ब्रॅकपनच्या हवेवर बांधलेलं इंजिन

१० फेब्रुवारी, रविवार

वेल्डिंग परत तडकलं! मागल्या वेळी जिथे तडकलं होतं तिथेच, एक्झॉस्टच्या कोपऱ्यातल्या नळीपाशी. चर्चमधून आलो तो तसाच गॅरेजात शिरलो, नळीवरून बोट फिरवलं – भेग. आज पाद्री कशावर बोलले ते कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. प्रवचनभर डोक्यात नळीच होती.

एल्साबे दारात येऊन उभी. "वेसेल, चर्चचा शर्ट!" मग, "मारेलीचा फोन आहे. ये."

मारेली आमची एकुलती एक. पर्थला असते, नवरा आणि दोन पोरींबरोबर. "बाबा, गाडी कुठवर आली?" दर रविवारी हेच. तिला गाडीचं काय सोयरसुतक! पण गाडी झाली की आम्ही घर विकून कायमचं ऑस्ट्रेलियाला जायचं असं ठरलंय. मीच कबूल केलं होतं – हे इंजिन पूर्ण होऊ दे, गाडी एकदा मनासारखी पळवू दे, मग म्हणाल तिथे येतो. तेव्हा इंजिन खोक्यांत सुटं पडलं होतं. बोलायला काय जातंय!

१४ फेब्रुवारी

नळी कापून नवी जोडली. भेग नाही. अजून तरी.

१९ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या घरात नवीन माणूस राहायला आलाय. गॅरेजात डोकावून म्हणाला, "खरी आहे का हो?" खरी! साठ सालची ती उघडी रेसिंगची गाडी खरी असती तर मी या ब्रॅकपनच्या खाणवस्तीत राहिलो असतो का? बॉडी फायबरची, साच्यातून काढलेली. गाडी नकली आहे, पण इंजिनात नकली काही नाही. ठोकलेल्या जपानी मोटारीचं व्ही-एट आणलं, आतडी काढली, घडीव पिस्टन घातले, जाड कॉनरॉड घातले, आणि वर हा भलाथोरला टर्बो. खाणीच्या वर्कशॉपात उभा जन्म फिटरकी केली, पण असं काम हातून झालं नव्हतं.

त्याला म्हटलं, आपण इतक्या उंचावर राहतो, हवा विरळ. आपल्या गाड्या जन्मापासून दम्याच्या रोग्यासारख्या पळतात. टर्बोला त्याचं काही नाही. तो हवा स्वतःच कोंबतो, डोंगर काय आणि समुद्र काय! त्याला किती कळलं कोण जाणे. मान डोलावून गेला.

२४ फेब्रुवारी, रविवार

मला जायचं नाही.

हे कुणाला बोललो नाही, म्हणून इथे लिहितोय. पर्थला मी काय करू? पोरीच्या गॅरेजात पाहुण्यासारखा बसू? पण एल्साबे नातींचे फोटो बघते तेव्हा तिचं तोंड बघवत नाही. बाईनं माझ्या खाणीतल्या रात्रपाळ्या सोसल्या, माझ्या आईचं केलं. कधी काही मागितलं नाही. आता एवढं एकच मागतेय. नाही कसं म्हणू?

बरं, काम लांबवीन म्हटलं तर तेही जमत नाही. सकाळी कॉफीत रस्क बुडवतानाच हात शिवशिवायला लागतात. बोल्ट सैल ठेवून झोप येत नाही मला. मीच माझ्या पायावर धोंडा पाडतोय, आणि तोही अगदी नीट मोजून-मापून!

३ मार्च

चाललं!!

पहिल्या फटक्याला नाही, पण चाललं. सगळी गल्ली गोळा. कुत्रा पलंगाखाली. एल्साबे कानावर हात ठेवून हसत होती – किती दिवसांनी अशी हसताना पाहिली. मग एकदम हात खाली घेतले आणि म्हणाली, "म्हणजे झालंच की आता." मी म्हटलं, "छे, अजून ट्यूनिंग आहे." "असं होय," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

२१ मार्च

सिवा पिल्लेच्या वर्कशॉपात, ॲक्टनव्हिलला. टर्बोतलं त्याच्याइतकं कळणारा माणूस या बाजूला दुसरा नाही, आणि त्याच्याइतका फाटक्या तोंडाचाही नाही. गाडी डायनोच्या, म्हणजे इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्राच्या, रोलरवर बांधली, त्यानं लॅपटॉप जोडला, काटा चढायला लागला – आणि लाईट गेली! भारनियमनाच्या ठरलेल्या वेळेच्या आधीच. रोलर ठप्प, पंखा ठप्प.

सिवा अंधारात ओरडला, "जा म्हाताऱ्या, पळ ऑस्ट्रेलियाला! तिकडे लाईट असते म्हणतात!"

मी म्हटलं, "तोंड आवर आणि चहा टाक."

"कशावर टाकू? तुझ्या टर्बोवर?"

हसलो दोघं. परत येताना मात्र वाटभर मनात तेच. तिकडे मला म्हाताऱ्या कोण म्हणणार?

३० मार्च

आज लाईटही राहिली आणि इंजिनही. पाचशे साठ हॉर्सपॉवर! सिवानं शिट्टी वाजवली. "बस्स कर आता. याच्या वर गेलास तर कवळी रस्त्यावर शोधावी लागेल." डॅशबोर्डखाली बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कमीजास्त करायचा स्क्रू बसवून दिला. इथल्या हवेला जुळवलाय, उगाच हात लावू नकोस म्हणाला. पैशाचा विषय काढला तर शिव्या दिल्या.

घरी आलो. एल्साबेनं दुधाचा गोड मेल्कटार्ट केला होता. आकडा ऐकून म्हणाली, "हे पुष्कळ झालं की थोडं?"

"पुष्कळ."

"मग संपलं?"

"आता पळवायची राहिली." तिनं मला दोन तुकडे वाढले. एरवी साखर वाढेल म्हणून एकच देते.

१५ एप्रिल

एल्साबे कुंपणाशी स्वीट पी पेरत होती. दर वर्षी याच सुमाराला पेरते, तिची आईही पेरायची. मी म्हटलं, "अगं, फुलं येतील तेव्हा आपण इथे कुठे असणार?" वर न बघता म्हणाली, "घर घेईल त्याला होतील." हातातलं बी संपेपर्यंत उठली नाही.

 गॅरेजात जाऊन उगाच प्लग काढून पुसले.

२१ एप्रिल, ईस्टर

फोनवर जावई. त्यानं गिऱ्हाईक शोधलंय – केपकडचा कोणी द्राक्षमळेवाला, असल्या गाड्यांचा शौकीन. मे महिन्यात समुद्रकाठी मॉसेल बेजवळ घाटचढणीची शर्यत आहे, तिथे तो येणार. गाडी डोळ्यांदेखत घाट नीट चढली की जागेवर घेऊन जाणार. मग घराला दलाल, मग विमान.

"झकास!" मी म्हटलं. "झकास," एल्साबेही म्हणाली. अंगणात बोरवर्सचे सॉसेज भाजायला टाकले होते, ते दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. पार कोळसा.

२ मे

झोप नाही. भूक नाही. क्लच तीनदा जुळवला. एकदाच जुळवायचा होता.

९ मे, गुरुवार

निघालो. मागे ट्रेलरवर गाडी. कारूच्या ओसाड माळरानातला तो सरळ रस्ता, संपता संपत नाही. पेट्रोलला थांबलो तेव्हा मी बिल्टाँग, सुकवलेलं मांस, आणायला आत गेलो, येऊन बघतो तर एल्साबे हातात फोन धरून शून्यात नजर लावून बसलेली. "बरं वाटत नाही का?" "उन्हानं होतंय." ऊन कसलं, मे म्हणजे आमच्याकडे थंडीची सुरुवात, स्वेटर घातला होता तिनं!

१० मे

समुद्र! खारा वास, ओलसर हवा. सराव झाला. अर्ध्या जोरावरच चालवली, तरी काय पळते! पाय टेकायच्या आत पुढे. ब्रॅकपनला कधी अशी धावली नव्हती. मळेवाला दोनदा गाडीभोवती फिरला. त्याचं ठरलंय, चेहऱ्यावर दिसतं.

गाडी जाणार. मीही जाणार. इतकी सुंदर झालीय की रडू यावं.

११ मे

मेलं इंजिन.

आधी सगळं नीट चाललं होतं. रांगेत माझा नंबर आला. एल्साबे जवळ आली, हेल्मेटची काच पुसली. "वेसेल –" "काय गं?" बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "काही नाही. सावकाश जा." शर्यतीत सावकाश जा!

दोन वळणं घेतली. तिसऱ्याला पाय पूर्ण दाबला. खडखड ऐकू आली, लोखंडी डब्यात खडे हलवल्यासारखी, पाय उचलेपर्यंत मागे पांढरा धूर. गाडी कडेला घेतली आणि बसून राहिलो. दोरानं ओढून खाली आणली, सगळे बघत असताना. मळेवाल्यानं खांद्यावर थाप मारली आणि निघून गेला.

एल्साबे धावत आली, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. "लागलं का? कुठे लागलं का?" नाही म्हटलं. तशी तिथेच, लोकांदेखत, हमसून हमसून रडली. केवढी आशा धरून होती बिचारी.

१४ मे

घरी. सिवाचे फोनवर फोन. उचलत नाही. कुठल्या तोंडानं उचलू?

१८ मे

इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडलं. एक पिस्टन कडेला वितळलाय, उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखा.

आणि मग ट्यूब पेटली. हवा! जन्मभर आम्ही वरचे लोक, साध्या गाड्या घेऊन समुद्रावर जातो आणि खूश होतो – खाली गेलं की गाडीला आपोआप जोर येतो म्हणून. टर्बोला उंचीचं काही नाही म्हणून मी गल्लीत भाषणं दिली! इथल्या विरळ हवेवर जुळवलेला टर्बो तिथल्या दाट हवेत तेवढाच जोर लावणार, म्हणजे आत किती कोंबलं जाणार? फिटर म्हणवतो स्वतःला. गाढव!

एल्साबे आत मारेलीशी बोलत होती. "आता तो परत इंजिन बांधणार गं. तुला तर माहीत आहेत तुझे बाबा. वर्ष जाईल." आवाज अगदी शांत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण हेड उघडताना मी शीळ घालत होतो.

२३ मे

ठरवलं. पुरे झाला स्वार्थ. गाडी आहे तशी भंगारात देतो, जून संपायच्या आत निघू. शनिवारी तिला सांगायचं. तिचं तोंड कसं फुलेल ते डोळ्यांपुढे आणतो, म्हणजे धीर येतो.

२५ मे, शनिवार

तिला सांगायला उठलोच होतो, तेवढ्यात सिवा दारात. फोन उचलत नाही म्हणून स्वतः आला. वितळलेला पिस्टन हातात धरून बघत राहिला.

"स्क्रू दोन आटे मागे घेतला नाहीस?"

"मला कोणी सांगितलं!"

"वहिनींना सांगितलं की. तुझा फोन बंद, म्हणून तू वाटेत असताना त्यांना लावला. खाली हवा दाट, स्क्रू मागे घे, नाहीतर पिस्टन जाईल. दोनदा म्हणून घेतलं त्यांच्याकडून, बरोबर म्हणाल्या. उलट मलाच विचारलं, नाही घेतला तर वेसेलच्या जिवाला काही धोका आहे का? मी म्हटलं, छे हो, त्याला काही होत नाही. फक्त इंजिन जाईल."

खिडकीतून एल्साबे दिसत होती, आमच्यासाठी कॉफी गाळत होती. मी सिवाला म्हटलं, नवे पिस्टन मागव, काही घाई नाही.