भिंगरीला समजावण्याच्या मोहिमेचा अहवाल

तीर्थरूप दादा यांसी,

धाकट्याचा, गुडघे साथ देतील तितका वाकून, नमस्कार. आपली प्रकृती ठणठणीत असावी, वहिनींची कंबर जागेवर असावी, आणि फिरायला जातो असं वहिनींना सांगून आपण कोपऱ्यावरच्या ज्या दुकानात पेपर वाचत बसता, त्या दुकानदाराचंही बरं चाललेलं असावं. (इथपर्यंतचं 'आपण' पत्राच्या रीतीपुरतं. पुढे नेहमीसारखं 'तू'.)

तू सोपवलेल्या कामाचा अहवाल देतो. काम तसं साधं होतं. तुझी लेक आणि माझी पुतणी भिंगरी (तिचं खरं नाव आता फक्त विद्यापीठालाच ठाऊक असावं) समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती जिथे प्रत्यक्ष काम शिकायला जाते, त्या हॉस्पिटलने तिला तिथेच नोकरी देऊ केली आहे आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं आहे. तिने ती नाकारावी आणि तुझ्या मित्राच्या ऑफिसात हिशेब तपासायला बसावं, हे मी तिच्या गळी उतरवायचं होतं. आपल्या घरात कुणाला काही कडू सांगायचं असलं की निरोप्या म्हणून मी ठरलेलाच. आत्याच्या दिराला त्याने आणलेलं स्थळ पसंत नाही हे सांगायला मी, आणि शेजाऱ्याला भिंत मागे घे म्हणून बजावायलाही मीच. (भिंत आहे तिथेच आहे. फक्त मी आता त्यांच्याकडे चहाला जातो.) तेव्हा तुझी तिन्ही वाक्यं तोंडपाठ करून निघालो: दुसऱ्याला मदत करायला पदवी कशाला लागते, लोकांच्या भानगडीत पडून कुणाचं भलं झालंय, आणि लोकांना आम्ही काय सांगायचं, मुलगी काय करते म्हणून.

हॉस्पिटलात समाजसेवा विभाग शोधणं हे आजारी पडण्यापेक्षा कठीण आहे. एक्स-रेवाल्याने औषधांच्या खिडकीकडे धाडलं, खिडकीने जिन्याकडे बोट दाखवलं, आणि जिन्याखाली एका दारावर पत्र्याची पाटी दिसली. दाराबाहेर बाकडं होतं. पाय दुखत होते म्हणून टेकलो. कपड्यांची पिशवी मांडीवर, चेहरा प्रवासाने उतरलेला. आता त्या बाकड्याचा नियम मला कुठून माहीत असणार? त्यावर बसतो तो अडचणीत आहे असं धरून चालतात. भिंगरीच्या वर्गातली एक चष्मेवाली मुलगी बाहेर आली, माझ्याकडे बघून 'या ना' म्हणाली, आत नेऊन पाणी दिलं, आणि मोठ्या भावाशी हल्ली बोलणं कसं आहे, असं हळूच विचारलं.

मला वाटलं, भिंगरीने घरचं सगळं हिला सांगितलेलं दिसतंय. आणि दादा, ती मुलगी ऐकत होती. मध्ये बोलत नव्हती, घड्याळ बघत नव्हती, 'आमच्याकडेही असंच आहे' म्हणून स्वतःचं सुरू करत नव्हती. आपल्या घरात असं कुणी ऐकत नाही, त्यामुळे मला आवरता येईना. वडील गेल्यावर तू कॉलेज सोडून कामाला लागलास, म्हणून मी शिकलो, हे सांगितलं. त्यामुळे तुला आजवर कधी 'नाही' म्हणू शकलो नाही, हेही सांगितलं. तुझा राग कळतो, पण तो नेहमी दुसऱ्याच्या तोंडून कळतो, वहिनींच्या नाहीतर माझ्या, आणि त्याचं मला वाईट वाटतं, हेसुद्धा सांगून मोकळा झालो. (तुला हे तोंडावर सांगायची माझी छाती नाही. म्हणून पत्र बरं.) शेवटी तिने विचारलं, मग त्यांना घरी न्यायला नेमकी अडचण काय आहे? मी म्हटलं, तो घरीच असतो, तिथून हलत नाही हीच तर अडचण आहे. ती जराशी गोंधळली, पण शिकवणीप्रमाणे चेहरा शांत ठेवून म्हणाली, समोरासमोर बोललात तर बरं होईल. आणि मला वॉर्डात घेऊन गेली.

उलगडा पुढे झाला. वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याचा पाय कधीच बरा झाला होता, डिस्चार्जही मिळाला होता, पण त्याचा धाकटा भाऊ न्यायला येत नव्हता. त्या दिवशी तो येणार होता, आणि बाकड्यावर सापडलो मी. म्हाताऱ्याची पिशवी खाटेखाली बांधून तयार होती. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि त्या मुलीला म्हणाला, "हा माझा नव्हे. पण आलाय तर बसू दे."

मी स्टुलावर बसलो. चष्मेवालीने तेव्हा कुठे माझं नाव विचारलं. (नाव विचारायचं राहिलं याबद्दल तिच्या बाईंनी नंतर तिची चांगली हजेरी घेतली. माझ्यासारखा माणूस आधी बोलतो आणि नाव शेवटी सांगतो, अशी साक्ष मी दिली, पण उपयोग झाला नाही.) म्हाताऱ्याने मला बाहेर ऊन आहे का विचारलं, भाज्यांचे भाव विचारले, आणि आपला भाऊ स्वभावाने वाईट नाही, असं मी न विचारताच दोनदा सांगितलं.

तेवढ्यात भिंगरी आली. तिच्यामागे एक माणूस वॉर्डाच्या दारातच अडला होता, तो खरा भाऊ. तिने महिनाभर त्याच्या घरी खेपा घातल्या होत्या. हा आत बसायचा आणि बायकोला दारात पाठवून 'नाहीत' म्हणून सांगायचा. मला वाटलं, आता ही त्याला चार शब्द सुनावणार. आपल्या घरची मुलगी, सुनावण्यात कमी पडायची नाही. तिने काही म्हणजे काही सुनावलं नाही. मला उठवलं, माझं स्टूल खाटेजवळ सरकवलं, त्याला बसायला सांगितलं, आणि आम्हा सगळ्यांना बाहेर घेऊन आली. दादा, ते स्टूल नेमकं कधी सरकवायचं, हे शिकायला दोन वर्षं लागतात, असं माझं मत झालं आहे. तुझं पहिलं वाक्य मी तिथेच गिळलं.

मग कँटीनमध्ये बसून तिने मला या शिक्षणातून कुठे कुठे जाता येतं ते सांगितलं. तिच्या आधीच्या तुकडीतला एक जण तुरुंगात लागला (म्हणजे नोकरीला), एक जण शाळेत रुसलेल्या पोरांशी बोलतो, कुणी घटस्फोटाच्या कोर्टात, कुणी दारू सोडवायच्या केंद्रात, आणि एक तर कारखान्यात कामगारांची गाऱ्हाणी ऐकतो. त्याला म्हणे सगळ्यांत जास्त पगार आहे आणि झोप सगळ्यांत कमी. थोडक्यात, जिथे कुणी हौसेने जात नाही तिथे ही माणसं पगार घेऊन जातात. वेळेवर पगार आणि हक्काची रजा आहे, तेव्हा जीव वगैरे ओवाळून टाकायचा नसतो, हेही तिने स्पष्ट केलं. तुझं दुसरं वाक्य मी चहाबरोबर संपवलं.

तिसरं मात्र बोललो. पाठ केलं होतं, वाया जाऊ नये. तिने पूर्ण ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, हे बाबांना वाटतं ना? मग बाबा का नाही आले?"

मी उठून चहाचे पैसे दिले. उत्तर तुझ्याजवळ असेल तर कळव. मोहीम फसली, असं समजायला हरकत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
आजवर कामाला येत आलेला धाकटा

ता. क. १: म्हाताऱ्याला भाऊ घरी घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, असं फोनवर कळलं. भिंगरी म्हणते, लक्षण चांगलं आहे.

ता. क. २: शनिवारी तू येतो आहेस, असं मी तिला सांगून टाकलं आहे. तुला न विचारता सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच असं केलं, तेव्हा सांभाळून घे. वहिनींनाही आण, म्हणजे वाटेतून परत फिरणार नाहीस.

ता. क. ३: सोमवारची मुदत वगैरे विसर. मी पोचायच्या आदल्या दिवशीच तिने होकार कळवला होता. हे मला चष्मेवालीकडून कळलं. भिंगरीने घरच्या कुणालाच सांगितलेलं नाही, कारण पहिल्यांदा तुला सांगायचं आहे, आणि फोनवर नाही. तेव्हा शनिवारी तुला काही माहीत नाही असा चेहरा ठेव. ती सांगेल ते पुरतं ऐक. त्यानंतर रागवायचं असेल तर खुशाल रागाव, पण या वेळी तिच्यासमोर बसून रागाव, माझ्या हाती पाठवू नकोस.