वाईच थांब गो

अब्बा, चढण लागली की तुम्ही आधी कुठला पाय टाकायचात? मागच्या शुक्रवारी एकीने मला हे विचारलं आणि मला सांगता आलं नाही. खोलीवर परतल्यावर मी अम्मीला फोन लावला. ती म्हणाली, "अगो, चालणाऱ्याचे पाय कोण बघत बसतंय? तोंड दिसायचं दोन वर्षांनी, तेच खूप." विचारणारीला मात्र उत्तर माहीत होतं. ती ओमानातल्या तुमच्या अर्बाबची, मालकाची, मुलगी, सहम गावच्या घरातली, जिला तुम्ही रोज शाळेत सोडायचात. माझ्याच वयाची आहे. हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत.

तुम्ही कायमचे गेलात तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आता चोवीस. आपल्या घरातली पहिली पदवीधर. तो कागद आला त्या दिवशी अम्मीने तुमचा जुना पासपोर्ट काढला, तुमच्या फोटोसमोर पदवी धरली आणि न वाचता येणाऱ्या अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिली. आता मी मस्कतमध्ये भारतीय मुलांच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि अल अमेरातला दोन शिक्षिकांबरोबर राहते. इथे आले ती नोकरीसाठी, असं सगळ्यांना सांगते. खरं तर तुम्ही जिथे अठरा वर्षं गाडी चालवलीत तो मुलूख मला माझ्या डोळ्यांनी बघायचा होता. तुमच्या डायरीतला अर्बाबच्या घरचा नंबर अजून लागेल असं वाटलं नव्हतं. लागला. मुलीने उचलला. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "तुम उसका बेटी? वो पढनेवाला?" तिचं हिंदी तुमचंच आहे, अब्बा. 'है' नाही, तुमच्यासारखं 'हाय' म्हणते.

ती मला सहमच्या मागच्या डोंगरात घेऊन गेली. पाण्याचे डोह असलेल्या घळींमध्ये शुक्रवारी चटई टाकायला जागा मिळत नाही. या घळीत पाणी नाही, म्हणून कुणी फिरकत नाही. चार तासांचा फेरा आहे. तिच्या वडिलांच्या खजुराच्या बागेपासून निघायचं, कोरड्या गोट्यांतून आत शिरायचं. पुढे भिंती इतक्या जवळ येतात की दोन्ही हातांनी दोन्हींना शिवता येतं. मग डावीकडून खिंडीवर चढायचं आणि गाढवांच्या जुन्या वाटेने उतरून परत बागेत. दगड लाल आहे, आपल्या सड्यावरच्या, कातळाच्या माळावरच्या जांभ्यासारखा, फक्त जांभ्याला भोकं असतात आणि हा गुळगुळीत. हे माझ्या मनात येतंय तोवर ती भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "वो बोलता था, मेरे गाव का पत्थर भी लाल हाय, लेकिन उसमें छेद हाय." मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. माझ्या गावचा दगड मला तिच्याकडून कळत होता.

पुढे प्रत्येक वळणावर तुम्हीच निघालात. या धोंड्यावर बसून तुम्ही संत्रं सोलायचात आणि साल खिशात ठेवायचात, इथे टाकू द्यायचा नाहीत. या झाडाला ती सिद्र म्हणते. तुम्ही तिला सांगितलंत की ही बोर, आणि बोरं शर्टाला पुसून खायला शिकवलंत. तिचे वडील बागेत पाहुण्यांबरोबर कहवा पीत बसायचे आणि तुम्ही तिला घेऊन हा फेरा मारायचात, दर शुक्रवारी. ती प्रेमाने सांगत होती आणि मी "हो का, हो का" करत दात आवळून चालत होते. तुम्ही सुट्टीवर यायचात तेव्हा अंगणात खुर्ची टाकलेली असायची, भोवती माणसं, कुणाला व्हिसा हवा, कुणाला नुसतं बसायचं असायचं. सडा आपल्या घरामागे वीस मिनिटांवर. तिथे तुम्ही आणि मी एकदाही गेलो नाही. एकदाही, अब्बा.

खिंडीखाली ती थांबली आणि परीक्षा घेतल्यासारखं हसून तिने तो पायाचा प्रश्न विचारला. "लेफ्ट," ती म्हणाली. "राइट का घुटना खराब था. घर में नहीं बोला?" नव्हतं सांगितलंत. आम्हांला तुमचा गुडघाही माहीत नव्हता.

चढणीच्या मध्यावर मला धाप लागली. तिने मागे वळून हात वर केला आणि म्हणाली, "वाईच थांब गो."

मी खरंच थांबले. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून ती समजावू लागली. "ये तुम्हारा बाबा का रूल हाय. थांब मतलब स्टॉप. बाद में गो, मतलब चलो. पहले रुको, फिर चलो. मैं सबको सिखाती." ती आता ऑफिसातल्या बायकांना घेऊन डोंगरात जाते, आणि त्या सगळ्या ओमानी बायका चढणीवर एकमेकींना म्हणतात, वाईच थांब गो. "लेकिन वाईच क्या हाय? अस्पताल में इंडियन नर्स को पूछा, वो हँसने लगी. बोली, ये हिंदी नहीं. फिर किसका भाषा?"

मला माहीत होतं. आणि मी म्हणाले, "असा शब्दच नाही. अब्बांनीच बनवला असेल." तिच्याकडचं एक तरी काढून घ्यावं म्हणून म्हणाले. तिचा चेहरा असा उजळला! "मतलब मेरे लिए बनाया! सिर्फ मेरे लिए!" यल्ला, यल्ला म्हणत ती खिंड चढून गेली, आणि मी धोंड्याला टेकून उभी.

उतरताना सगळी वाट मला एकच आठवत होतं. मी पाचवीत आहे. शुक्रवार आहे, तुमचा फोन आलाय. तुम्ही म्हणताय, "वाईच थांब गो बाय, गाडी बाजूला घेतो." आणि मी, वर्गात पहिली येणारी, म्हणते, "अब्बा, वाईच काय? थोडं म्हणायचं. आणि गो पण नका म्हणू. शाळेत हसतात." तुम्ही हसता. "बरं, मास्तरीणबाई." पुढच्या शुक्रवारी तुम्ही म्हणालात, "थोडं थांब." जपून, परक्याच्या घरी चप्पल बाहेर काढून शिरावं तसं. नंतर कायमच तसं, शेवटच्या फोनपर्यंत. फोन ठेवून तुम्ही या घळीत येत असाल. आज मी वर्गात मुलांना सांगते, घरी आईच्या बोलीत बोला, लाजू नका. मुलं मान डोलावतात. मला चांगली शिक्षिका व्हायचं आहे, म्हणून हे सांगते. पण तुमच्या तोंडातून तो शब्द मीच काढून टाकला होता. तो जमिनीवर पडला असता. तिने उचलला, अर्थ न कळताही सांभाळला.

आज सकाळी, हे लिहायला बसण्याआधी, मी तिला निरोप पाठवला. वाईच हा आमच्या गावचा शब्द आहे, अर्थ थोडंसं, आमच्याकडे सगळे म्हणतात. मी खोटं बोलले. एवढंच लिहून थांबता आलं असतं, म्हणजे तिचं 'सिर्फ मेरे लिए' परत घेऊन झालं असतं, आणि मी सच्चीही ठरले असते. पण पुढे लिहिलं: गो म्हणजे चलो नव्हे. आमच्याकडे आपल्या घरातल्या मुलीशी बोलताना ते लावतात.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्याच डायरीत ठेवते. तिचा निरोप मात्र गेला. 'आपल्या घरातल्या' असं लिहून झाल्यावर माझं बोट थांबलं होतं, अब्बा. वाईच.