घुबड, टोपी आणि क्राफ्टबाई

मॅलोरी कॉर्नर्स,
६ जानेवारी

तीर्थरूप मेव्हिसताईला धाकट्या लॉर्नचा साष्टांग नमस्कार,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. त्यात तू ‘बरी आहे’ एवढे दोनच शब्द लिहिलेस, त्यावरून तू बरी नसावीस असं व्हर्नाचं म्हणणं आणि पेनातली शाई संपली असावी असं माझं. गुडघा काय म्हणतो? तुझ्या इमारतीतला तो माणूस अजून लिफ्टमध्ये तुझ्याआधी कुत्र्याला आत घेतो का? इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे व्हर्नाचा घोटा मोडलाय आणि माझ्या दोन्ही कानांची सालं निघतायत, पण बाकी क्षेम.

घोट्याचं आधी सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. व्हर्ना परसात पक्ष्यांच्या पेटीत सूर्यफुलाच्या बिया भरायला सकाळी सकाळी निघाली आणि मागच्या पायरीवरून घसरली. का घसरली ते विचारू नकोस. (पायरीवरचा बर्फ वितळावा म्हणून मी त्यावर किटलीभर गरम पाणी ओतलं होतं. उणे अठरात गरम पाण्याचं काय होतं हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी समजलं. हॉस्पिटलातल्या नर्सलाही मी हे सांगितलं, तर ती म्हणाली की तिच्या मुलाला हे बालवाडीत शिकवतात.) प्लास्टर घालताना व्हर्ना रडली नाही. घालून झाल्यावर रडली, आणि ते पायासाठी नव्हतं. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे पक्ष्यांची हिवाळी मोजणी असते, सूर्योदय ते सूर्यास्त. सात नंबरचा पट्टा, म्हणजे इथली सगळी शेतं आणि त्यांमधले कच्चे रस्ते, बावीस वर्षं व्हर्नाकडे आहे. बर्फाच्या वादळाच्या वर्षीसुद्धा ती एकटी काठी टेकत फिरली होती. एखादा पट्टा मोजायचा राहिला, तर त्या वर्षाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ मारतात. ती रेघ डोळ्यांपुढे येऊन ती रडत होती, आणि पाणी मी ओतलेलं. त्यामुळे माझ्या तोंडून निघून गेलं की मी जातो.

ताई, तुला माहीत आहे, तोवर माझ्या लेखी पक्षी तीनच प्रकारचे होते: कावळा, कोंबडी आणि इतर. म्हणून व्हर्नाने ठरवलं की परसातले पक्षी ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाय खुर्चीवर टाकून मोजेल, शेतांत मी गाडी चालवीन आणि पक्षी ओळखायला सोबत क्राफ्टबाई येतील. हो, त्याच क्राफ्टबाई. मला तिसरीत होत्या. (तुझ्या वेळी त्या नव्हत्या, तू सुटलीस.) आता चौऱ्याऐंशीच्या आहेत, पण पाठ तेव्हाइतकीच ताठ. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी माझी नखं पाहिली. मी चुपचाप हातमोजे घातले.

पहिल्याच वळणावर कुणीतरी शेतात शेणखत पसरलं होतं आणि त्यावर पांढरे-तपकिरी पक्षी दाणे टिपत होते. हिमभारीट. बाईंनी विचारलं किती, मी म्हटलं भरपूर. त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या, “लॉर्न, भरपूर हा आकडा नाही.” मग मी मोजायला लागलो. आता हे पक्षी असे की ऐंशीपर्यंत आलं की सगळे एकदम उडतात, हवेत गिरकी घेतात आणि पुन्हा तिथेच बसतात, पण जागा बदलून. मी चार वेळा मोजले आणि चार आकडे आले. बाईंनी मला पाचव्यांदा मोजायला लावलं. शेवटी एकशे सदतीस ठरले, त्यातला शेवटचा बहुतेक मातीचं ढेकूळ होतं, पण तोंड उघडायची माझी छाती झाली नाही. दुपारपर्यंत आम्ही शिंगवाले चंडोल मोजले, रानटर्की मोजल्या, तारेवर बसलेला एक ससाणा मोजला, आणि मी एक कावळा स्वतःच्या हिमतीवर ओळखला. त्याबद्दल बाईंनी मला अर्धा बटर टार्ट दिला. (उरलेला अर्धा त्यांनी परत डब्यात ठेवला. पुढे काय ओळखतो ते बघून द्यायचा असावा.)

दोनच्या सुमारास थर्मॉसमधल्या चहाने आपला गुण दाखवला आणि बाईंना डेल्बर्टच्या घरी जावं लागलं. डेल्बर्ट म्हणजे आमच्या पलीकडचा गाईवाला, चांगला माणूस आहे, फक्त सगळ्या गोष्टींवर हसतो. बाई आत गेल्या आणि मी कुंपणापाशी पाय मोकळे करत उभा राहिलो. डोक्यावर माझी मस्करॅटची टोपी होती, ती जुनी, केसाळ, तपकिरी. (तळ्यात राहणाऱ्या गलेलठ्ठ उंदराच्या कातड्याची असते ही, हे तुला सांगायला नको. पण पुढचं समजायला ध्यानात ठेव.) तेवढ्यात मागून कुणीतरी डोक्यात उशी मारावी तसं झालं. आवाज काही नाही. टोपी गेली. वर पाहतो तर पांढरंशुभ्र घुबड, पंखांची रुंदी आपल्या जेवणाच्या टेबलाएवढी, आणि पायांत माझी टोपी! ते विजेच्या खांबावर बसलं, टोपीचा एक कान चावून पाहिला, माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मीच त्याला फसवलं, आणि टोपी खाली शेतात टाकून निघून गेलं. आमच्या पट्ट्यात नऊ वर्षांत हिमघुबड दिसलं नव्हतं.

बाई बाहेर आल्यावर मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि टोपीला पडलेली नखांची चार भोकं दाखवली. त्यांनी भोकांत एकेक बोट घालून पाहिलं. मग म्हणाल्या की भोकं त्यांना मान्य आहेत, पण ज्या माणसाने सकाळी ढेकूळ मोजलं (म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं), त्याच्या एकट्याच्या शब्दावर त्या हिमघुबड लिहिणार नाहीत. ताई, एरवी मी म्हटलं असतं नका लिहू. पण मला आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती आणि तिच्यामागे खुर्चीवर ठेवलेला तो पाय. मी म्हटलं, अंधार पडेपर्यंत अडीच तास आहेत, शोधू.

पुढच्या दोन तासांत पांढरं म्हणून जे जे असतं ते आम्हाला दिसलं. फाटकी पिशवी दिसली, दुधाची बादली दिसली, डेल्बर्टची मांजर दोनदा दिसली, आणि कुणीतरी बांधावर टाकलेल्या जुन्या फ्रिजला मी पाच मिनिटं दुर्बिणीतून न्याहाळत होतो, कारण त्याने मान वळवली असं मला वाटलं. चार वाजले. मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि म्हटलं, बाई, त्याला ही टोपी आवडते. बाई गंभीर झाल्या. आमिष दाखवून घुबड बोलवायचं नाही असा नियम आहे, आणि तो नियम मोडणाऱ्या एका गृहस्थाशी त्या अकरा वर्षं बोललेल्या नाहीत. मी म्हटलं, मी आमिष नाही, मी टोपी घालून शेतात चाललेला माणूस आहे. त्यांनी खिडकीबाहेर बघत बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या की टोपी घालायला नियमात मनाई नाही.

तर असा मी, वीस वर्षं दुधाचा ट्रक चालवलेला माणूस, मक्याच्या खुंटांमधून बर्फात रांगत निघालो. मागे गाडीची काच खाली करून बाई वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्या हळू आवाजात सूचना देत होत्या. “खाली वाक, लॉर्न. उंदीर असा कंबर वर करून चालत नाही.” पलीकडे डेल्बर्ट ट्रॅक्टर थांबवून बघत होता. त्याने विचारलं काय हरवलंय, मी म्हटलं काही नाही. त्यावर तो त्याच्या बायकोला बोलवायला गेला.

शंभर पावलं रांगल्यावर (चार पायांची पावलं कशी मोजतात ते मला माहीत नाही) मी दमून मागे वळलो. आणि पाहतो तर घुबड गाडीच्या टपावर. अगदी बाईंच्या डोक्यावर, मध्ये फक्त पत्रा. आता मला घुबड दिसतंय, घुबडाला मी दिसतोय, डेल्बर्ट आणि त्याच्या बायकोला आम्ही सगळे दिसतोय, आणि ज्यांना दिसायला हवं त्या एकट्या बाईंना काहीच नाही. ओरडलो तर उडणार. म्हणून मी पंजा उचलून वर, वर अशी खूण केली. बाई म्हणाल्या, “हात हलवू नकोस. उंदराला हात नसतो.” मी भुवया उडवल्या. तर म्हणाल्या, नीट रांग.

काम केलं ते सूर्याने. ऊन तिरपं झालं होतं आणि गाडीची लांब सावली बाईंच्या खिडकीसमोर बर्फावर पडली होती. त्यांची नजर त्या सावलीवर गेली आणि थांबली, कारण त्या सावलीच्या टपाला एक मोठा फुगवटा होता, आणि त्या फुगवट्याने मान फिरवली. बाईंनी दार उघडलं. इतक्या हळू दार उघडताना मी कुणाला पाहिलेलं नाही. एक पाय बर्फात टेकला, दुसरा टेकला, आणि ताठ पाठीने त्या उभ्या राहिल्या. घुबड आणि बाई हातभर अंतरावरून एकमेकांकडे बघत राहिल्या. दोघी तितक्याच कडक. मग घुबडाने पंख पसरले आणि ते त्यांच्या डोक्यावरून आवाज न करता शेतापलीकडे गेलं.

मी धावत आलो (दोन पायांवर). बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गालावर गोठत होतं. त्यांनी वही उघडली, हातमोजा काढला आणि म्हणाल्या, “एक.” बस, एवढंच. घराशी उतरताना त्यांनी डब्यातला अर्धा टार्ट माझ्या हातावर ठेवला.

व्हर्नाने सगळं ऐकून घेतलं, पंखांवर काळ्या रेषा किती होत्या ते विचारलं, मग भोकं पडलेल्या टोपीत लाकडासारखे झालेले माझे कान दोन्ही हातांत धरून बसली. पायरीवरच्या पाण्याचा विषय तेव्हापासून निघालेला नाही.

असो. हा वेडेपणा आता संपला. पुन्हा कुणी मला शेतात रांगताना बघणार नाही. काळजी घे, गुडघ्याला शेक दे.

तुझा,
लॉर्न

ता. क. क्लिफर्ड दाजींची ती तीन पायांची मोठी दुर्बीण, बंदरातली जहाजं बघायची, ती माळ्यावर तशीच पडून असेल. मला काही नको आहे. पण गंजू नये म्हणून अधूनमधून कुणीतरी वापरली पाहिजे.

ता. क. २. पार्सलने पाठवू नकोस, भिंग फुटतं. कुणीतरी घेऊन आलेलं बरं. येत्या शनिवारच्या आत, कारण क्राफ्टबाईंच्या कुंपणात एक करडा पक्षी येतो आणि त्या त्याला काय म्हणतात ते मला पटलेलं नाही.

ता. क. ३. वन्सं, हे मी व्हर्ना लिहितेय. पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडे दिलं म्हणून. त्याने मागच्याच आठवड्यात नवी दुर्बीण घेतलीय, पलंगाखाली आहे, मला माहीत नाही असं त्याला वाटतं. दाजी गेल्यापासून तुम्ही दोन हिवाळे इकडे आला नाहीत, आणि सरळ ‘ये’ म्हणून लिहिणं त्याला जमत नाही. शनिवारी सकाळी साडेसहाला पक्षी बघायला निघायचं आहे. पुढच्या सीटवर क्राफ्टबाई बसतात, त्यावर वाद घालू नका.