ठकीचा दात

४ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

महिनाभर तुझं पत्र नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांनी खाल्लं असावं. माझं शिवणाचं दुकान ठीक चाललंय. सुईत दोरा ओवायला आता चष्मा लागतो, हसू नकोस.

तुझ्या वहिनीला पाचवा महिना लागला. बाळासाठी तिने एक झबलंही शिवू दिलेलं नाही. आपली ठकी कशाने गेली ते कळल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, म्हणते. लेकीचं रक्त तुझ्याकडे आहे, एवढ्याच आशेवर आम्ही दिवस काढतोय. काय निघालं ते कळव. वाईट असलं तरी कळव.

आशीर्वाद आहेतच, उत्तर तेवढं येऊ दे.
तुझा दादा

१३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उंदीर निर्दोष आहेत. मीच लिहायला धजत नव्हते.

ठकीच्या जनुकांत दोष सापडला नाही. जनुक म्हणजे तुझा कापडावर ठेवायचा कागदी नमुना. पेशी त्यावरून प्रथिन बेतते. पण आरएनएचे काही बारके धागे असतात, त्यांच्यापासून काहीच बनत नाही. कोणतं जनुक कधी चालू राहील, कधी गप्प बसेल, ते मात्र हे धागेही ठरवतात. तुझ्या कच्च्या टाक्यासारखे. तयार कपड्यात दिसत नाहीत, पण चुकले की बाही खांद्यावर बसत नाही. माझा संशय तिथेच आहे.

आणि तेच मी ओतून दिले, दादा. रक्त गाळताना चाळणीला चिकटेल ते ठेवायचं, खाली गळेल ते मोरीत, ही हाताची बारा वर्षांची सवय. बारके आरएनए नेमके गळतात. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला जीव होईना म्हणून मी स्वतः गाळलं होतं. चाळणीवर राहिलं ते जनुकं तपासण्यात संपलं, आता थेंबही उरलेला नाही.

ते धागे ज्या डीएनएवरून उतरतात, तो दातातही असतो. ठकीचा पडलेला दात वहिनीने जपून ठेवलाय ना? त्यात दोष सापडला तर तो बाळात आहे का, हे जन्माआधी बघता येईल. पण दाताची पूड करावी लागते. परत देता येणार नाही.

वहिनीला कोणत्या तोंडाने मागू? रागाव, पण नातं तोडू नकोस.
तुझी चिमी

२९ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

आठवडाभर मी घरात तुझं नाव काढू दिलं नाही. खोटं कशाला लिहू? मग परवा एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. तीस वर्षांचा हात! तिथेच बसून रडलो. तुझ्यावर रागावण्यात काही उरलं नाही.

सोबत बटणांच्या डबीत दात आहे. तुझ्या वहिनीने तो दोन दिवस मुठीत धरून ठेवला, मग स्वतःच डबीत घातला. तिचा निरोप आहे की, पूड करण्याआधी एकदा तळहातावर घे, नीट बघ आणि छान आहे म्हण. तो पडला तेव्हा, सुट्टीत येते असं तू कळवलं होतंस. आत्याला दाखवायचा म्हणून ठकीनेच तो ठेवला होता.

माया होती तशीच आहे.
तुझा दादा