सोमवारची बोट

प्रिय हर्षाली,

अक्षर बघून हसू नकोस. कोंबडीचे पाय म्हणशील, तर म्हण. डाव्या हाताने लिहितोय. का, ते सांगतो, पण माझ्या सवडीने.

आमच्या प्रयोगशाळेची संशोधन नौका सोमवारी पहाटे निघतेय, दीड महिन्यासाठी. मी तिच्यावर जायचं की किनाऱ्यावर राहायचं, हे परवापर्यंत सांगायचंय. कालपासून बूड एका जागी टेकत नाही. जेट्टीवर जातो, तिला बघतो, परत येतो, पुन्हा जातो. साहेब म्हणतात, टाकीवर ये. ही टाकी आपल्या घरावर आणखी एक घर ठेवलं तरी बुडेल एवढी खोल. समुद्रात सोडायची यंत्रं विद्यापीठाची माणसं आधी तिच्यात तपासतात. पगार तोच, जेवण वेळेवर. दोन दिवस तिथे बसून पाहिलं. पाणी हलेना आणि माझा जीव रमेना.

पिंपळगाव जोग्याच्या धरणावर जानकूमामाच्या तराफ्यावरून आपण दोरीला दगड बांधून सोडायचो, आठवतं? गाठी मोजताना तू चुकायचीस आणि शिव्या मला द्यायचीस. मी अजून तेच करतोय बघ. दोरीच्या जागी पोलादी तार, ती सोडायला-ओढायला विंच, म्हणजे यंत्रावर फिरणारा रहाट, आणि दगडाऐवजी पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र. एकदा बोटीवरच्या शास्त्रज्ञांनी मलाही हेडफोन लावून देवमासा ऐकवला. गोठ्यातली म्हैस हंबरावी तसा वाटला. धरणाकाठच्या मढच्या पोराला आणखी काय पाहिजे?

गेल्या महिन्यात तार वर ओढताना क्षणभर लक्ष यंत्राकडे गेलं आणि उजव्या हाताची तर्जनी विंचमध्ये सापडली. राहिली नाही. चूक माझीच. जखम भरलीय, डॉक्टरांनी कामाला हरकत नाही असं लिहून दिलंय. बंदराला लागल्यावर आईला फोन केला होता. म्हटलं, आई, बोट गेलं. मढची रेंज तुला ठाऊक. शेवटचं अक्षर तिच्यापर्यंत पोचलंच नाही. ती म्हणाली, "गेली तर जाऊ दे की, दुसरी यील. तू हाईस ना जमिनीवर?" हसावं की रडावं कळेना. नीट सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून दर फोनला विचारते, दुसरी आली का म्हणून.

हर्षे, मी भ्यालोय. विंच सुरू झाली की अंगावर काटा येतो. पण टाकीच्या काठावर बसून म्हातारं व्हायची भीती त्याहून मोठी आहे. मी हो सांगणार आहे. फोन केला असता तर तू मधेच तोडलं असतंस, म्हणून हे पत्र. निमगाव साव्याचा मोहित सुट्टीवर निघालाय, तो उद्या आळेफाट्याला उतरून तुझ्या हातात देईल. रविवारी मढला जा, आईजवळ बस, आधी बोटाचं सांग आणि लगेच सोमवारचं. फक्त एक कर, तिला विचारू नकोस. सांग, विचारू नकोस. ती नको म्हणाली, तर मला जाता यायचं नाही.

तुझाच भाऊ,
सूरज