तीस गुंठ्यांची पायपीट

श्री सप्तशृंगी प्रसन्न

मखमलाबाद, नाशिक
दि. ९ डिसेंबर २००३

ती. सौ. सिंधुताईस धाकट्या यादवचा नमस्कार.

दाजींचा गुडघा आता गडाच्या पायऱ्या चढू देतो का ते कळव. (मलमाची डबी पाठवली होती, पोचली का?) आम्ही सगळे आहोत, खुशाल आहोत असं लिहिण्याइतका दम मात्र उरलेला नाही. पत्र नुसतं चौकशीचं आहे, काम काही नाही.

अण्णा गेल्यापासून आपल्या शेवंतीच्या तीस गुंठ्यांवर एका बिल्डरचा डोळा आहे. मीही थकलोय गं. पहाटे फुलं तोडायची, बाजार गाठायचा आणि भाव पडला की तीच फुलं उकिरड्यावर ओतायची. म्हटलं, देऊन टाकू. पण सातबाऱ्यावर अजून अण्णाच नांदतायत. वारसांची नोंद करायला गेलो तर पहिल्यांदा तलाठी नव्हते, दुसऱ्यांदा तलाठी होते पण कपाटाची किल्ली नव्हती, तिसऱ्यांदा दोन्ही होतं तर माझ्याकडे मृत्यूचा दाखला नव्हता. (मी म्हटलं, साहेब, तेराव्याला तुम्हीच जेवून गेलात. ते म्हणाले, जेवणाची पोच नसते.) पाचव्या हेलपाट्याला अर्ज घेतला एकदाचा.

मग मोजणी. मोजणीदारांनी नकाशा पसरला, दोनदा चहा घेतला आणि हद्दीचा दगड थेट शेजारच्या रावजीच्या गोठ्यात ठोकला. रावजी तणतणत आला, "लय झालं यादव, म्हशीखालची जमीन बी तुझीच हाय का?" तेवढ्यात दुसऱ्या अंगाला आमचा संडास त्याच्या हद्दीत निघाला. त्याची म्हैस आमच्यात, आमचा संडास त्याच्यात. तेव्हापासून दोघंही गप्प आहोत.

बिल्डरचा माणूस गोटीराम जमिनीच्या बदल्यात दोन फ्लॅट देतो म्हणतो, हजार-हजार फुटांचे. पण ते सुपर बिल्टअप! म्हणजे भिंती, जिना, लिफ्ट, वॉचमनच्या खुर्चीखालची फरशी, सगळ्यातला आपला वाटा धरून हजार. पाय टेकायला उरतं ते कार्पेट, सातशे. (आमच्या प्रतिभाने विचारलं, जिन्यात आमचा वाटा आहे तर तिथे कुरडया वाळत घालू का? गोटीराम आठवडाभर फिरकला नाही.) मला आता कुणाशी वाद घालायचं त्राण नाही, त्यामुळे होकार दिला आहे.

असो. मुलांना आशीर्वाद. हात दुखला, थांबतो.

तुझा भाऊ,
यादव

ता. क. वारस म्हणून माझ्याबरोबर तुझंही नाव लागलं आहे, बरोबरीने. कायदाच तसा आहे म्हणे. तर १७ तारखेला, बुधवारी अकरा वाजता रजिस्ट्रारच्या कचेरीत ये आणि तुझा हिस्सा मला सोडल्याच्या कागदावर, हक्कसोडपत्रावर, एक सही करून जा. रीतीप्रमाणे साडी आणून ठेवली आहे, मोरपंखी. फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे तो दाजी उचलतात. लाज वाटते, ताई, म्हणून शेवटी लिहिलं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी प्रतिभाने पत्र वाचलं. ती म्हणते, तिनेही माहेरी अशीच सही केली होती, तिलाही साडी मिळाली होती आणि पहिल्याच धुण्यात तिचा रंग गेला. तुझी साडी मात्र तिने स्वतः पारखून आणली आहे. सही न करता आलीस तरी नेसवणार म्हणते. मला हे लिहायचं नव्हतं, पण ती समोर बसून आहे.