सात वाजताचा टायमर

९ मार्च, मंगळवार दुपार

प्रिय बयो,

खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा जिन्यापुरता कुरकुरतो, बाकी वेळ गप्प असतो. बाबांच्या चष्म्याच्या दुकानात गर्दी आहे; परीक्षा जवळ आल्या की पोरांना अचानक फळा दिसेनासा होतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कुत्रं पाळलंय. ते बाबांना बघून शेपूट हलवतं आणि माझ्यावर भुंकतं. असो.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून.

तर मुख्य बातमी म्हणजे आपला डीव्हीडी रेकॉर्डर बिघडला. ट्रे अर्धा बाहेर येतो आणि तिथेच अडून बसतो. आधी बाबांनी टपली मारली की मुकाट आत जायचा, मग टपलीलाही दाद देईना. तुला ठाऊकच आहे, सात वाजता टीव्हीवर तुझ्या बातम्या लागतात तेव्हा बाबा दुकानात आणि मी शिवणाच्या बायकांच्या गराड्यात. म्हणून टायमर लावून ठेवायचा आणि जेवणं झाली की दोघांनी तुला बघायचं, इतकी वर्षं हाच नेम. मी म्हणायचे, पोरगी वाळलीय. बाबा म्हणायचे, "अगं, ती पुराची बातमी सांगतेय, ती ऐक ना!"

दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, नवीन काहीतरी घ्या. असली मशीनं आता कोण वापरतं?" मी लगेच म्हटलं, घेऊन टाकू. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मिक्सरचं फुटलेलं झाकण दोऱ्याने बांधून वापरणारी बाई मी! त्यांचं म्हणणं, दुरुस्तच करायचं. डिस्क भरली की ती दुसरीकडेही चालावी म्हणून मशीनमध्येच एक बटण दाबून पक्की करून घ्यायची असते म्हणे. ते आपण कधी केलंच नाही, आणि तशा डिस्का फक्त याच मशीनवर चालतात. नवीन आणलं तर कपाटात रचून ठेवलेली तू सगळी वाया जाणार. हे त्यांचं बरोबरच होतं. पण "दुरुस्त करा, घाई मात्र नाही," असंही ते त्याला म्हणाले, ते मला खटकलं. चहाला जरा उशीर झाला तर स्वयंपाकघरात चकरा मारणारा हा माणूस, आणि घाई नाही?

आता जरा खुर्ची घेऊन बस.

मी नवीन मशीनचा हट्ट का धरला ते सांगते. ट्रे पुरता अडण्याआधी एका संध्याकाळी बाबा यायच्या आत मी सहज डिस्क लावून पाहिली. तुझ्या जागी दुसरीच कोणी बसली होती. उंच मानेची आहे, छान बोलते, तिचा काही दोष नाही. म्हटलं, तुझी रजा असेल. दुसऱ्या दिवशीही तीच. बाबांना सांगितलं, आज ट्रे अडला, काही रेकॉर्ड झालं नाही. तो अधूनमधून अडायचाच, त्यामुळे त्यांना खरं वाटलं. मग तो कायमचा अडावा म्हणून मी थोडा हातभारही लावला. कसा ते विचारू नकोस, उलथनं अजून वाकडंच आहे. हल्लीची नवीन मशीनं नुसती डिस्क दाखवतात, रेकॉर्ड करत नाहीत; म्हणजे ती दुसरी बाबांना दिसलीच नसती.

परवा रविवारी तुझा फोन आला. मी विचारलं, काम कसं चाललंय? तू म्हणालीस, "रोजचंच गं आई, सात वाजता बातम्या, नऊला घरी." वर त्या आठवड्यात काय काय वाचलंस तेही सांगितलंस. मी हं हं करत राहिले. फोन ठेवून शिवायला बसले, तर सुईत दोरा ओवता येईना.

काल सकाळी मी दुरुस्तीवाल्याकडे गेले. म्हटलं, "भाऊ, एक काम करा. मशीन नीट झालं तरी काकांना झालं नाही असंच सांगा." तो इतका हसला की हातातली पक्कड खाली पडली. "काकू, मशीन केव्हाच झालंय. ते बघा फळीवर. काकाच म्हणाले, घरी पाठवू नकोस. पोरगी टीव्हीवर दिसत नाही हे काकूंना कळलं तर त्या जेवायच्या नाहीत."

मी तशीच बाबांच्या दुकानात. ते एका आजोबांच्या चष्म्याची काडी घट्ट करत होते. आजोबा जाईपर्यंत कशीबशी थांबले.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"काय?"

"अहो, पुरे झालं आता!"

तेव्हा बोलले. एका गिऱ्हाइकानेच त्यांना विचारलं होतं, तुमची मुलगी हल्ली दिसत नाही? तेव्हापासून रोज सातला दुकान नोकरावर सोडून शेजारच्या सलूनमध्ये टीव्हीसमोर जाऊन उभे राहायचे. केस कापायला नव्हे, केस आहेत कुठे! सलूनवाल्याला वाटलं, घरात काहीतरी बिनसलंय. तो बिचारा चहा पाजायचा.

"मग तिला विचारलं का नाहीत?" मी म्हटलं.

"तिला अजून सांगवत नाही म्हणून लपवतेय. आपण विचारलं तर आणखी एक खोटं बोलायला लागेल तिला." एवढं म्हणून चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

मला एवढा धीर नाही, बयो. मला तुझा राग आलाय. नोकरी गेली म्हणून नाही गं, नोकऱ्या जातात. पण दर रविवारी तू आम्हाला ज्या बातम्या सांगतेस त्या आणतेस कुठून? खोलीत एकटी बसून, आपल्याच जागेवर त्या दुसरीला बघून? आम्हाला सांगता याव्यात म्हणून? हे मनात आलं की मी ताट बाजूला सरकवते.

मशीन आम्ही घरी आणलं. नवीन घेत नाही. सातचा टायमर बाबांनी काढून टाकला आणि काल रात्री तुझी अगदी पहिली डिस्क लावली. कागदातून मान वर काढत नव्हतीस, नुसता भांग दिसत होता. बाबा म्हणाले, "किती घाबरलीय बघ. पण थांबली नाही हं."

या रविवारी फोन मी उचलणार नाही, बाबा उचलतील. एरवी ते "बरं, बरं, आईला देतो" म्हणून सुटका करून घेतात. या वेळी देणार नाहीत. सांगता आलं तर सांग. नाही सांगता आलं तर नुसती रड. तुझं होईपर्यंत ते फोन ठेवणार नाहीत, तसं त्यांनी माझ्याकडे कबूल केलंय.

नोकरी असो नसो, तू आमचीच.

आई